झेंडूच्या हाराचे वजन

भट्टीच्या अंगाला बोटाएवढे एक भोक आहे आणि त्यावर जाड काच बसवलेली आहे. त्यातून आत पाहिले की आधी काहीच दिसत नाही. नुसता केशरी रंग. भिंत केशरी, तळ केशरी, मधली पोकळीही केशरी. त्या रंगाच्या मधोमध पेन्सिलीएवढी एक सळई उभी ताणून बसवलेली असते, पण ती दिसत नाही, कारण तिचाही रंग तोच झालेला असतो. सगळे सारखेच तापले की त्यातले एक वेगळे काढता येत नाही. सळई आत आहे हे माहीत असावे लागते.

मी रोज सकाळी साडेनऊला त्या भोकातून पाहत असे. कामासाठी त्याची गरज नव्हती. खोलीचे तापमान, भट्टीचे तापमान, दांडीला टांगलेली वजने, एवढ्या तीन नोंदी वहीत करायच्या आणि दार ओढून बाहेर यायचे, असे माझे काम होते. तरी मी पाहायचो. न दिसणाऱ्या वस्तूकडे मिनिटभर पाहत राहिले की बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रक दूर गेल्यासारखे वाटत.

कारखाना शिक्रापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत आहे. पुण्यात एका वर्तमानपत्राच्या टेबलावर मी चौदा वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या. ती आवृत्ती बंद झाल्यावर इथे अहवाल लिहिण्याचे काम मिळाले. मुलाखत घेणाऱ्या बाई धातुतज्ज्ञ होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"विशेषणं काढता येतात का?"

"तेवढंच येतं," मी म्हणालो.

त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढल्या होत्या. वडील इंजिनांच्या शेडमध्ये होते. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या, आलेली गाडी थांबली की तापलेल्या ब्रेकचा वास घरात यायचा, असे त्यांनी एकदा सांगितले होते. तो वास आला की त्यांना झोप लागायची. धातूकडे कशा वळलात, या प्रश्नाला त्यांच्याकडे एवढेच उत्तर होते.

कारखान्याचे रोजचे काम साधे होते. भट्टीत ठेवायचे ट्रे आणि टांगायचे आकडे इथे ओतले जात. मागच्या शेडमध्ये मात्र एक छोटी निर्वात भट्टी होती आणि ती मॅडमकडे होती. तिच्यात त्या नवा मिश्रधातू तयार करत होत्या. टर्बाइनच्या पोटात, जिथे पोलाद मऊ पडते, तिथे भार धरून राहील असा. मुख्य धातू निकेल. त्यात क्रोमियम, ॲल्युमिनियम, टंग्स्टन आणि आणखी दोन-तीन धातू इतके थोडे की ते सोनाराच्या काट्यासारख्या तराजूवर जोखावे लागत. अकरा मिश्रणे झाली होती. अकराही चाचणीत पडली होती. बारावे मिश्रण ओतल्यावर मालकांनी मुदत दिली: दिवाळीपर्यंत हे उतरले तर ठीक, नाही तर छोटी भट्टी ट्रेच्या कामाला घ्यायची आणि मॅडमनी तपासणी विभागात बसायचे. हे मालक रागाने बोलले नाहीत. म्हणूनच ते बदलणार नाही हे सगळ्यांना कळले.

चाचणीची भट्टी वेगळी होती, शेजारच्या खोलीत, आणि चाचणी हजार तासांची होती. थंड धातू जोरात ओढला तर तुटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तापलेल्या धातूची तऱ्हा निराळी. त्याला न तुटण्याइतकाच भार लावून सोडून दिले तर तो लांबत राहतो, दिवसाला केसाच्या जाडीचा दहावा भागसुद्धा नाही, पण थांबत नाही. याला क्रीप म्हणतात. हजार तासांनंतर सळई अखंड असली पाहिजे आणि ठरलेल्या मापापेक्षा जास्त लांबलेली नसली पाहिजे. सळईचे खालचे टोक पक्के असते. वरचे टोक एका आडव्या दांडीला जोडलेले, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजनांची चळत. दांडीची बेतणी अशी की तिकडे एक किलो टांगला तर सळईला दहा किलोंची ओढ बसते.

भट्टीवरचे मामा क्रीप हा शब्द वापरत नसत.

"झोपंत आंग ताणतीया," ते म्हणत.

मामांचे आजोबा मेंढरे घेऊन आठ महिने फिरतीवर असायचे. वडिलांनी न्हावऱ्याजवळ जमीन धरली आणि मामा कारखान्यात आले. भट्टीचे तापमान ते मीटर न बघता सांगत. त्यांच्याकडे त्यासाठी रंग होते: डाळिंब, गाजर, पिकली पपई, झेंडू. मॅडमच्या चाचणीचा रंग झेंडू होता. मामांचा झेंडू आणि मीटरचा आकडा यांत मला कधी मोठा फरक आढळला नाही.

चाचणी पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली. मामांना ते पटले नव्हते.

"मॅडम, पितरपाटात कुणी नवं काम काढतंय व्हय? पंधरा दिस कळ काढा की."

"पंधरा दिवस थांबले तर हजार तास दिवाळीनंतर भरतील, मामा."

"मंग पितरांना सांगून ठिवतो, हिकडं बघू नका म्हनून."

खोलीतली हवा हलू नये म्हणून दार बंद ठेवायचे ठरले. आत फक्त मी जायचे, दिवसातून एकदा. सळईची लांबी मोजणारे उपकरण तारेने संगणकाला जोडलेले होते आणि मॅडमना तिची रेषा फोनवरही दिसे. दारावर लावायची सूचना मीच टाइप केली. यंत्राला टेकू नये. दार आपटू नये. खोलीत धावू नये. वजनांना हात लावू नये. विनापरवाना प्रवेश करू नये. पाच वाक्ये, एकही विशेषण नाही.

पाचशे तास उलटून गेले तेव्हा खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यातली सगळी यंत्रे बंद असतात. ती पुसतात, हळदकुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. हातोडीपासून लेथपर्यंत प्रत्येकाला काहीतरी फूल मिळते. एकही यंत्र उघडे ठेवायचे नाही, हा रिवाज कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेलाही कोणी पाहिलेला नाही.

आमचे घर कासुर्डीला आहे. शेतात भाजीपाला आणि दसऱ्याच्या बेताने लावलेला झेंडू. मी शिक्रापूरला खोली घेऊन राहतो आणि सुटीच्या दिवशी चौफुल्यावरून घरी जातो. त्या वर्षी हार आमच्याकडूनच न्यायचे ठरले. आईने आदल्या दिवशी दोन पोती भरून हार ओवले. मधे मधे आंब्याची पाने. सगळ्यात मोठा हार तिने वेगळा ठेवला.

"ह्यो तुमच्या मोठ्या मशिनीला," ती म्हणाली.

मॅडम त्या पंधरवड्यात दौंडला होत्या. वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते. सकाळी अकराच्या सुमारास सगळ्या यंत्रांची पूजा उरकली. एरवी इतका आवाज असलेल्या शेडमध्ये चिमण्या ऐकू येत होत्या. फक्त चाचणीची भट्टी चालू होती. मामा तिच्या दाराशी उभे राहिले.

"हिलाच तेवढी उघडी ठिवायची? महिनाभर उभ्यानं राबतीया बिचारी."

"आत जायची परवानगी मलाच आहे."

"मंग तुमीच घाला की, पेपरवाले. मी हितनं हात जोडतो."

मी आईचा मोठा हार घेऊन आत गेलो. दार आपटले नाही. धावलो नाही. यंत्राला टेकलो नाही. वजनांना हात लागू नये म्हणून हार काठीच्या टोकावर धरला आणि अलगद, दांडीच्या बाहेरच्या टोकावर, वजनांच्या बरोबर वर ठेवला. तिथे तो दोन्ही बाजूंनी सारखा लोंबला. तीच जागा दारातून नीट दिसत होती.

"आत झेंडू, भाईर झेंडू," मामा दारातून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मी नेहमीप्रमाणे साडेनऊला आलो, तीन नोंदी केल्या आणि शेरा या रकान्यात 'काही नाही' असे लिहिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"खोलीत काही बदललंय का?"

"नाही."

"वही बघून सांगा."

मी वही वाचून दाखवली. खोलीचे तापमान तेच, भट्टीचे तेच, वजने तीच.

"नवमीला अकरा वाजल्यापासून रेषा चढी झालीय. सळई जास्त वेगानं लांबतेय. हा वेग टिकला तर मापात बसणार नाही." मागे कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली. "वहीत नाही म्हणजे झालेलं नाही, असंच समजायचं ना?"

"हो," मी म्हणालो.

हे मी खात्रीने म्हणालो. वर्तमानपत्राच्या टेबलावर एक गोष्ट शिकायला मिळते: रोज घडते ती बातमी नसते. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांना हार घालतात. त्यात नोंदवण्यासारखे काय होते?

पुढचे काही दिवस मला आठवतात ते एकमेकांत मिसळलेले. मी दार उघडून आत जाई. खोली उबदार असे, बंद खोलीत वाळवण घातल्यासारखा गोडसर, किंचित कडू वास असे. पहिल्या दिवशी हार पिवळाजर्द होता. मग कडा आत वळल्या. मग तो भगवा झाला, मग तपकिरी, आणि आंब्याची पाने कागदासारखी वाजू लागली. ती मी काचेच्या भोकाकडे वाकताना ऐकत असे. हे सगळे मी रोज पाहिले. वहीत लिहिले, 'काही नाही'.

नवमीनंतर आठव्या दिवशी मी आत असतानाच मॅडमचा पुन्हा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, जणू स्वतःशीच बोलत होत्या.

"मला एक समजत नाहीये. नवमीला वेग एकदम वाढला. आणि तेव्हापासून रोज थोडा थोडा कमी होतोय. पहिल्यांदा जास्त कमी झाला, आता कमी कमी. यंत्र बिघडलं असतं तर असं आपोआप सावरलं नसतं. धातू बिघडला असता तर वेग वाढतच गेला असता. तिथं काहीतरी आहे, जे रोज हलकं होतंय."

फोन कानाला होता आणि डोळ्यांसमोर दांडी होती. एक पाकळी सुटून खाली पडली. पडायला तिला बराच वेळ लागला.

"मॅडम," मी म्हणालो, "दांडीवर हार आहे."

"कसला हार?"

"झेंडूचा. खंडेनवमीचा."

"कुणी घातला?"

"मी."

आठवडाभर त्यांना खोटे उत्तर मिळाले होते आणि ते त्यांनी खरे मानले होते. ते त्यांनी बोलून दाखवले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"काढू का?" मी विचारले.

"हात लावू नका. आता तो काढला तर आणखी एक बदल होईल. शेवटपर्यंत राहू दे. आणि नोंद करा. आजच्या तारखेला, आत्ताची वेळ टाकून. मागच्या पानांवर काहीही घालू नका."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी हार पाहिला, खूप वेळ. मामा अपराध्यासारखे मागे उभे होते.

"मॅडम, म्या म्हनलं व्हतं घाला म्हनून. पेपरवाल्यांचा दोष न्हाई."

"दोघांचाही आहे, मामा."

"पर मालकाला कशाला सांगायचं? लाईट कमीजास्त झाली म्हना की. कुनाला कळतंय?"

"लाईट सुकत नाही, मामा."

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी फुलवाल्याच्या घरचं. पाटी डोक्यावर घिऊन बांधापतुर चाललायसा कवा तरी. फुलाला वजन असतंय हे तुमाला म्या सांगायचं व्हय?"

पाटी मी अनेकदा उचलली होती.

मॅडमपुढे प्रश्न असा होता: हाराने सळईला नेमका किती जास्तीचा भार दिला, आणि तो दररोज किती कमी झाला? हे सांगता आले नाही तर बाराव्या मिश्रणाबद्दल काहीच सांगता येणार नव्हते. ओला हार कोणी जोखला नव्हता. त्या म्हणाल्या, "तसाच दुसरा हार मिळेल का? अगदी तसाच?"

मी कासुर्डीला गेलो. आई वांग्याच्या वाफ्यात होती.

"नवमीचा मोठा हार होता ना, तसाच पाहिजे. तेवढाच."

"नवमी हुन धा दिस झालं. आता कुनाला घालतूस?"

"तराजूला."

तिने हातातले वांगे खाली ठेवले. मी जे घडले ते सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि तिला त्यातले एकच वाक्य लागले.

"माझ्या हाराचा तिला भार झाला?"

"थोडा."

"मंग म्हनावं, सैल ववला आसता."

आई हार मोजून ओवत नाही. दोन्ही हात पसरून दोन वाव दोरा घेते, आणि पुढचे हातांना माहीत असते. पण आता तोड हलकी झाली होती, फुले बारीक येत होती. ती ओवत गेली, मधेच हार दोन्ही तळव्यांवर उचलायची, डोळे मिटायची, पुन्हा चार फुले घालायची. तिसऱ्यांदा उचलल्यावर म्हणाली, "हां. यवडाच व्हता."

"नक्की?"

"आरं, पोरगं पहिल्यांदा उचललं तवा किती व्हतं ते बी सांगंन मी. हार काय घिऊन बसलास!"

तो हार त्याच खोलीच्या कोपऱ्यात, प्रयोगशाळेच्या काट्याच्या हुकाला टांगला. सव्वा किलोला थोडा कमी भरला. म्हणजे दांडीच्या दहापटीने सळईवर जेमतेम बारा किलोंची जास्तीची ओढ. आधीच्या चारशे किलोंपुढे थोडीच, पण तेवढ्या उष्णतेत थोडेही पुरते. मग काट्याचा आकडा तारेने बाहेर आणला आणि मी दर तासाला त्या हाराचे वजन लिहू लागलो. चौदा वर्षांत माझ्या हाताखालून निवडणुका गेल्या, पूर गेले, अपघात गेले. एका हाराचे सुकणे इतक्या बारकाईने लिहिण्याची वेळ आली नव्हती. पहिल्या दिवशी तो झपाट्याने हलका झाला. मग सावकाश. पाकळ्यांतले पाणी आधी जाते, देठातले उशिरा. सात दिवसांनी त्यात पाव किलोच्या आसपास काहीतरी उरले आणि मग ते बदलेना.

मॅडमनी संगणकावर दोन रेषा शेजारी मांडल्या. एक काट्यावरच्या हाराच्या वजनाची. दुसरी सळईच्या वेगाची, नवमीपासूनची. मग एक दुसरीवर सरकवली. त्या जवळजवळ एकच झाल्या.

आम्ही तिघेही पडद्याकडे पाहत होतो.

"म्हंजी हिला आत बसून कळत व्हतं," मामा म्हणाले, "भाईर फुलं सुकत्यात ते."

मॅडमनी दोन्ही रेषा जतन केल्या. त्या दिवशी काचेच्या भोकातून पाहताना मला वाटले, आत फक्त रंग नाही. काय आहे ते मला वहीत लिहिता आले नसते.

हजार तास वसुबारसेच्या दुपारी भरले. सळई तुटली नव्हती. भट्टी थंड व्हायला दिवस लागला. सळई बाहेर काढली तेव्हा ती करडी, साधी, कुणाच्याही शेतातल्या तारेच्या तुकड्यासारखी दिसत होती. लांबी ठरलेल्या मापापेक्षा किंचित जास्त भरली. दांडीवरचा पहिला हार उतरवून काट्यावर ठेवला. तो आणि आईचा दुसरा, सुकलेला हार यांच्यात तीन-चार फुलांचा फरक निघाला.

अहवाल मी लिहिला. पहिल्याच परिच्छेदात लिहिले की चाचणीदरम्यान भार बदलला, चूक अहवाल लिहिणाऱ्याची आहे आणि ही चाचणी ग्राह्य धरता येत नाही. हाराची माहिती परिशिष्टात दिली. मालकांनी तो उभ्याउभ्याच वाचला, मॅडमकडे पाहिले आणि म्हणाले, "दिवाळी झाली की छोटी भट्टी रिकामी करा."

मॅडम "बरं" म्हणाल्या. त्यांनी तपासणी विभागातले टेबल पाहूनही ठेवले.

हा धातू ज्यांच्यासाठी होता त्या टर्बाइनवाल्या ग्राहकांनाही अहवालाची प्रत गेली होती; पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, त्यांच्या अभियंत्याचा फोन आला. ते हिंदी बोलत. मॅडमनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मॅडम, ये परिशिष्ट में झेंडू लिखा है. ये क्या चीज है?"

"गेंदा."

"गेंदा मतलब... फूल?"

"जी. फूल."

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की ही चाचणी त्यांना चालणार नाही, ते अहवालात लिहिलेच आहे. पण ज्या धातूने फुलांच्या सुकण्याचा हिशेब इतका सरळ दिला, तो मधेच दगा देणारा वाटत नाही. त्याच ओतकामातली दुसरी सळई शिल्लक आहे का? असेल तर ते मालकांशी बोलतील.

ते बोलले. मालकांनी आणखी एक चाचणी होईपर्यंत छोटी भट्टी मॅडमकडे ठेवली. दुसरी सळई त्याच संध्याकाळी लावली गेली.

त्या हजार तासांत मी शेऱ्याच्या रकान्यात एकदाही 'काही नाही' लिहिले नाही. दारावर पाल होती ते लिहिले. खिडकीच्या फटीतून साडेनऊला ऊन कुठपर्यंत येते ते लिहिले. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेने जमीन थरथरली तो दिवस लिहिला, कोळ्याने कोपऱ्यात जाळे धरले ते लिहिले आणि ते दांडीपासून किती लांब आहे तेही लिहिले. मॅडम पाने चाळत. त्यांनी एकही नोंद खोडली नाही. मामांनी दाराबाहेरच्या भिंतीला एक खिळा ठोकला, यापुढचे हार तिथे घालायचे म्हणून. कासुर्डीहून आईने विचारून पाठवले, आता तिचे कसे चालले आहे. तिचे म्हणजे सळईचे.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी हजार तास भरले. भट्टी थंड झाल्यावर सळई बाहेर काढली: अखंड होती आणि मापात होती, थोडी आतच. मॅडमनी ती दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मला मोजायला लावली. मग खुर्चीवर बसल्या आणि खिशातला रुमाल काढून नुसताच हातात धरून बसल्या. मामा बाहेर जाऊन खिळ्याकडे पाहून आले. त्याला अजून काही टांगलेले नव्हते.

छोटी भट्टी मॅडमकडेच राहिली. बारावे मिश्रण आता तिथेच ओतले जाते.

हजार तास भरले त्या सकाळची वहीतली माझी शेवटची नोंद अशी आहे: खोलीचे तापमान, भट्टीचे तापमान, वजने. शेऱ्यात: ऊन टेबलाच्या कडेपर्यंत. कोळी जाळ्यात. दांडीवर वजनांखेरीज काही नाही, वाकून पाहिले.